एकट्यान केल्यान मां?

"काल मेस्त्री मेळले तिठ्यार," आई फोनवर म्हणाली. "इचारीत होते, झिलान सगळा एकट्यान केल्यान मां?" आणि श्वासही न घेता ती पुढे गेली. कुळीथ महाग झालेत, शेजारच्यांची म्हैस पुन्हा कुंपण मोडून आत आली, पावसाने चार दिवस उसंत दिलेली नाही, मिठाचं पाणी झालंय. मी हो-हो करत राहिलो. डोंबिवलीत खिडकीबाहेरही पाऊसच होता. फोन ठेवला, चहा टाकला, तो उतू गेला, ओटा पुसला, आणि पुसता पुसता लक्षात आलं की मघापासून मी त्या एका वाक्यापाशीच उभा आहे.

त्यातला 'मां' वाईट. मालवणीत हा वाक्याच्या शेपटाला येतो आणि सुरागणिक अर्थ बदलतो. कौतुकाने म्हटला तर 'केलंन की नाही पोराने!' नुसती खात्री करून घ्यायची असेल तर 'बरोबर ना?' आणि खालच्या पट्टीत, जरा ओठ मुडपून म्हटला तर 'असं म्हणतोय होय तो, बरं बरं.' मेस्त्रींनी, म्हणजे आमच्या गावच्या सुतारांनी, तो कुठल्या सुरात म्हटला, हे तिठ्यावरून आईच्या फोनपर्यंत येईतो पुसलं गेलं होतं. आईचा स्वतःचा सूर तेवढा स्पष्ट होता. ती खूश होती.

झालं होतं असं. मागच्या वर्षी आईचे गुडघे कुरकुरायला लागले आणि कणकवलीच्या डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली. आमच्या स्वयंपाकघरात ओटा आहे, कडप्प्याचा, बाबांनी गॅस आला तेव्हा घालून घेतलेला. पण आईच्या दृष्टीने तो फक्त गॅससाठी. खरं काम समोरच्या भिंतीशी, पूर्वी जिथे चूल होती तिथे, पाटावर बसून. आडाळो, म्हणजे विळी, तिथे, पाटा-वरवंटा तिथे, कोनाड्यात कोकमाच्या आगळाच्या बाटल्या, वर शिंक्यात काय काय. चूल काढली तरी भिंतीवरचा काळा पट्टा तसाच राहिला होता आणि आई त्या पट्ट्याला टेकूनच नारळ खवायची. मी ठरवलं की त्या भिंतीला कपाटं लावायची. खाली तीन, वर दोन. सगळं उभ्याने हाताशी आलं पाहिजे.

तुर्भ्याला २०२०च्या डिसेंबरात इकेआचं दुकान उघडलं तेव्हा तिथली मांडून ठेवलेली स्वयंपाकघरं आम्ही जत्रेसारखी बघून आलो होतो. घेतली मात्र ऑनलाइन, कुठल्याशा स्वस्त कंपनीची, ३१ हजारांत पाच कपाटं, दारांसकट. 'स्वतः जोडा' असं लिहिलेलं होतं. त्या दोन शब्दांनी माझा घात केला. बोरिवलीहून सुटणाऱ्या लक्झरीच्या डिकीत पाच सपाट खोकी टाकली, नऊ दिवसांची रजा टाकली, आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटे साडेपाचला तिठ्यावर उतरलो. क्लीनरने एकेक खोकं तांदळाची गोणी टाकावी तसं रस्त्याच्या कडेला टाकलं. आई त्याच दिवशी दुपारी कुडाळला जायची होती, मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दोन दिवसांनी येणार. मला तेच हवं होतं. तिच्या माघारी सगळं उभं करून तिला चकित करायचं, असा तो बेत.

पहिला दिवस सुखाचा गेला, हे कबूल करायला हवं. पडवीत चटई टाकून खोकी उघडली. आत थर्माकोलचा कचकचाट, पांढऱ्या फळ्या आणि एक विचित्र वास, नवं रेशनकार्ड आणि फिनाईल एकत्र केल्यासारखा. सोबत एक कागद. त्यावर अक्षर एक नाही, फक्त चित्रं, आणि चित्रात एक टकलू माणूस हसत हसत फळी उचलतोय. पुड्यांमध्ये लाकडाच्या आठ मिलीमीटरच्या गोल काड्या, पितळी दिसणाऱ्या पण पितळेच्या नसलेल्या पिना, आणि रुपयाहून लहान अशा चकत्या. पीन एका फळीत पिळायची, चकती दुसऱ्या फळीच्या भोकात बसवायची, दोन्ही फळ्या भिडवायच्या आणि चकती स्क्रू ड्रायव्हरने अर्धा वेढा फिरवायची, की आतल्या आत पिनेची मान पकडली जाते. खट् असा बारीक आवाज येतो. त्या आवाजाचं व्यसन लागतं. खिळा नाही, डिंक नाही, ठोकाठोक नाही. मागच्या अंगणात काजूच्या बिया वाळत होत्या, आंब्याखाली माश्या घोंघावत होत्या, आणि मी घामाने निथळत एकामागून एक कपाटं उभी करत होतो. ऑफिसात दिवसभर काम करून संध्याकाळी हातात काय उरतं? इथे संध्याकाळी पाच कपाटं उरली होती. त्यातल्या एकाची बाजू उलटी लागली, भुसा दिसणारी कड पुढे आली, ते परत खोललं. एकाची पाठीमागची पातळ फळी खाचेत सरकवायची राहिली म्हणून ते म्हाताऱ्यासारखं डुलत होतं. ती बसवल्यावर ताठ झालं. रात्री उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला बांगडा खाल्ला आणि टकलूसारखा हसत झोपलो.

दुसऱ्या दिवशी भिंत आली.

आमच्या भिंती चिऱ्याच्या. जांभा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, कोयत्याने तासता येईल इतका, आणि वारा लागला की घट्ट होत जातो. पण घट्ट झाला तरी आतून तो जाळीदारच. कुठे दगड, कुठे पिवळ्या मातीचा खिसा, कुठे नुसतीच पोकळी. कागदावरच्या भिंतीत ड्रिल घातलं की गोल, गोंडस भोक पडतं आणि त्यात प्लास्टिकची गिट्टी टचकन बसते. माझ्या भिंतीत ड्रिल घातल्यावर गिलाव्यामागून लाल भुकटी भसाभस यायला लागली, कुंकवाचा करंडा लवंडावा तशी. आठ मिलीमीटरचं बीट, भोक मात्र अंगठा जाईल एवढं. गिट्टी आत घातली तर ती स्क्रूबरोबर गरागरा फिरायला लागली. दुसरं भोक, तिसरं भोक. चौथ्याला गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा गळून पडला आणि त्याखाली चुलीच्या काळ्या पट्ट्याचा जुना थर निघाला, तेलकट, चकाकता. मग लाईट गेली.

मी भुकटीत बसून होतो. पाणसळ लावून बघितली तर भिंत वर पोचेतो आत झुकलेली, आणि जमीन तर अशी उतरती की खालच्या कपाटाचे पाय एका टोकाला पूर्ण मिटलेले आणि दुसऱ्या टोकाला पूर्ण उघडलेले. घर वाकडं आहे, असा शोध मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी लागला. बुडबुडा काही मधे येईना. राग यायला लागला, तोही नेमका कोणाचा ते कळेना.

अशा वेळी मेस्त्री आले. मला भेटायला नव्हे. पडवीचा एक वासा कुजला होता आणि पावसाआधी कौलं परतायची होती, म्हणून आईने त्यांना बघायला सांगून ठेवलं होतं. खांद्याला गोणपाटाची पिशवी, तीतून करवतीचं टोक बाहेर. ते वासा बघून, नखाने टोकरून, परत जाताना दारात थांबले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आत येऊन उभ्या असलेल्या कपाटाला बोटाच्या पेराने टकटक केलं, नारळ पारखावा तसं. भुशाची कड नखाने खरवडली, वास घेतला.

"वाळवी पन इचारात पडतली," ते म्हणाले.

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांची नजर कपाटाच्या आतल्या बाजूच्या भोकांच्या रांगेवर गेली होती, फळ्या वरखाली करण्यासाठी असतात त्या. त्यांनी घडीची लाकडी पट्टी काढली, दोन भोकांमधे धरली आणि म्हणाले, "धा सूत." मी मोबाइलवर शोधून दाखवायला निघालो की हे अंतर जगभर बत्तीस मिलीमीटर असतं, जर्मनीतल्या कारखान्यांनी ठरवलेलं, भोकं पाडणाऱ्या यंत्राच्या टोच्यांना त्याहून जवळ बसता येईना म्हणून. त्यांना त्यात काही रस नव्हता. मीच नंतर हिशोब केला. इंचाला आठ सूत, दहा सूत म्हणजे सव्वा इंच, म्हणजे पावणेबत्तीस मिलीमीटर. पाव मिलीमीटरचा फरक, आणि तोही चष्मा न लावता.

"ह्या रवाचा नाय," भिंतीतल्या गिट्टीला बोट लावून ते म्हणाले. "चिऱ्यात ह्या रवाचा नाय."

मग पुढचे दोन तास मी त्यांचा पोऱ्या झालो. मागच्या मांगरात फणसाचा एक तुकडा पडला होता, कधीच्या काळचा, हळदीसारखा पिवळा. तो त्यांनी कोयतीने चिरून बोटभर लांबीच्या चार खुंट्या काढल्या, पटाशीने तासल्या, एका टोकाला किंचित निमुळत्या. माझी गोल भोकं त्यांनी पटाशीनेच चौकोनी केली. का, ते सांगितलं नाही, पण गोल भोकातली गोष्ट फिरते आणि चौकोनातली फिरत नाही, एवढं मलाही कळलं. खुंटी आत ठोकताना आवाज बदलत जातो. आधी पोकळ, मग भरीव, मग असा बद्द की हातोडीच उलट उडते. "पावसात फुगतलो आनी धरतलो," ते म्हणाले. मी त्या वाक्यावर नंतर पुष्कळ विचार केला, कारण माझ्या कपाटांच्या कागदावर, टकलूच्या खाली, पाण्याचा थेंब काढून त्यावर मोठी फुली मारलेली होती. आमच्याकडे जूनपासून चार महिने हवाच पिळून काढण्याजोगी असते. त्याच ओलीने माझं कपाट फुगून मोडणार आणि त्याच ओलीने त्यांची खुंटी फुगून घट्ट बसणार.

जमिनीचंही त्यांनीच सांगितलं. ती वाकडी नाही, तिला मोरीकडे उतार आहे. माझ्या आजीने रोज घागरभर पाणी ओतून स्वयंपाकघर धुतलं असेल, तेव्हा ते पाणी कुठे जावं हे कोणीतरी आधी ठरवलं होतं. माझी पाणसळ त्यांनी बाजूला ठेवली आणि पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकांना खुणा केल्या. कपाटांच्या रांगेला तेवढं सपाट केलं, जमिनीला तिचा उतार ठेवू दिला. वरची दोन्ही कपाटं त्या चार खुंट्यांवर टांगून झाल्यावर एकाच्या तळाला हात घालून त्यांनी सगळा भार टाकला, अगदी लोंबकळल्यासारखे. कपाट हललं नाही.

मग मी चूक केली. पाकिटातून पाचशेची नोट काढली. ते नोटेकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "ह्या कित्याक?" आवाजात राग नव्हता. खरंच प्रश्न विचारावा तसं विचारलं. पिशवी उचलली आणि वाशाचं आईशी बोलेन म्हणून गेले.

मी त्यांना आधीच का बोलावलं नाही, याची कारणं माझ्याकडे आहेत. ते 'उद्या येतंय' म्हणतात आणि पंधरा दिवसांनी येतात. प्लायचं काम ३१ हजारांत झालं नसतं. माझी रजा नऊ दिवसांची. त्यांना हल्ली नीट दिसत नाही, असं आईच म्हणाली होती. ही सगळी कारणं खरी आहेत आणि त्यातलं एकही खरं कारण नाही. खरं असं की मला आईसाठी काहीतरी हाताने करायचं होतं. वर्षातून दोनदा येणारा, फोनवर औषधांची आठवण करणारा, खात्यात पैसे टाकणारा मुलगा होण्याचा कंटाळा आला होता. शहरात स्वतः करणं म्हणजे गुण. सोसायटीत कोणी स्वतः नळ बदलला तर लिफ्टमधे सांगतो. गावात स्वतः करणं म्हणजे कोणाला तरी न बोलावणं, हे मला लहानपणी माहीत होतं, मधल्या काळात विसरलो.

आमच्या घराच्या प्रत्येक दाराची चौकट त्यांच्या वडलांनी केलेली. कुसू आणि खाच, मधे लाकडी खुंटी, कुठेही खिळा नाही. देव्हारा मेस्त्रींनी स्वतः केला, बाबांशी रोज भांडत, कारण बाबांना कळस हवा होता आणि यांना नको होता. कळस झाला. आणि बाबा गेले त्या दिवशी, मी रात्रीची कोकणकन्या पकडून पोचेतो, आंब्याचं झाड पाडायला कुऱ्हाड घेऊन सगळ्यात आधी तेच आले होते. तेव्हाही त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. आता त्यांचा मुलगा तारकर्लीला पर्यटकांच्या बोटीवर असतो. हायवेला कुडाळपर्यंत तयार दारांची दुकानं झाली आहेत, वाळवी न लागणारी, पाण्याने न फुगणारी, सागाचा रंग मारलेली. मेस्त्री अधूनमधून तीच दारं बसवायला जातात. दिवसाच्या मजुरीवर.

आई कुडाळहून आली ती संध्याकाळी. मी दिवा लावून ठेवला होता. ती दारात उभी राहिली, पदराने तोंड पुसलं, एकेक दार उघडून मिटून बघितलं. हळू मिटणाऱ्या बिजागऱ्या आहेत, शेवटच्या चार बोटांवर दार स्वतःच सावकाश जातं. ते तिला फार आवडलं. पाचसहा वेळा करून बघितलं. मग ती वळली आणि म्हणाली, "आनी मी बसू खंय?"

मी डॉक्टरांचं नाव घेतलं. टेबलाला चिकटणारी नारळखवणी आणली होती ती दाखवली. ती काही बोलली नाही, पण रात्री झोपायला जाताना मला दिसली, ओट्यापाशी उभी, आडाळो हातात घेऊन, तो कुठे ठेवावा ते न कळून. ओट्यावर ठेवला तर पातं तिच्या छातीशी येत होतं. सकाळी उठून मी तिसरं खालचं कपाट काढलं. दोन कपाटं आणि भिंत यांच्यामधे पाटाएवढी जागा झाली, वर नेमका काळा पट्टा. आई तिथे बसते. डॉक्टरांना सांगत नाही. काढलेलं कपाट पडवीत आडवं पडलंय, त्यात नारळ आहेत आणि परवा कोंबडीने एक अंडं घातलं.

त्या आठवड्यात आईने अख्ख्या वाडीला कपाटं दाखवली. बायका यायच्या, बिजागऱ्या बघायच्या. "माझ्या झिलान केल्यान, एकट्यान, खोक्यातसून काढून." आणि मी शेजारी उभा राहून मान हलवायचो. पहिल्यांदा सांगायचं राहिलं, कारण ती इतकी खूश होती. दुसऱ्यांदा सांगायचं राहिलं, कारण पहिल्यांदा सांगितलं नव्हतं. खुंट्या कपाटामागे, भिंतीच्या आत. त्या कोणाला दिसणार?

सपाट खोक्यातल्या फर्निचरची एक गोष्ट सांगतात. स्वीडनमधे १९५६ साली इकेआच्या एका माणसाला टेबल गाडीत घालायचं होतं, ते मावेना, तेव्हा त्याने पाय काढले आणि तिथून हा धंदा उभा राहिला. मला ती वाचताना हसू आलं होतं. आमच्या माळ्यावर मखराच्या पट्ट्या सुतळीत बांधून पडलेल्या असतात, पाळण्याचे दांडे असतात, चतुर्थीला गणपतीवर टांगायची माटी असते. वर्षातून एकदा खाली यायचं, जोडायचं, परत खोलून वर. फक्त आमच्याकडे त्याला कागद नव्हता. कुठली पट्टी कुठे, हे विचारायला घरात एक माणूस असायचा आणि तो नसला तर वाडीत एक असायचा.

आईचा तो फोन आला त्याला तीन दिवस झाले होते. मधे मी दोनदा नंबर लावून कापला. तिसऱ्या दिवशी रात्री लावला. आधी म्हशीचं विचारलं, मग कपाटांचं. मोरीकडच्या कपाटाची खालची कड फुगलीय, पावासारखी, असं तिने सहज सांगितलं. वरची?

"वरची तशीच हत. पाच किलोचो डबो ठेवलंय वर."

मग मी सांगितलं. चिरा, गिट्ट्या, लाईट, फणसाचा तुकडा, चार खुंट्या. पाचशेची नोटही सांगितली. पलीकडे कौलांवर पाऊस ऐकू येत होता. आई एवढा वेळ गप्प राहिली की मला वाटलं लाइन गेली.

"तेका चाय तरी दिलंस?"

"दूध नव्हतं घरात," मी म्हटलं.

"कोरी?"